तिला टाळ्या नकोत, गाडीला दोन कप्पे हवेत

आमच्या बोळात कॉलेजची एक मुलगी रोज सकाळी सातला दारोदार फिरते. एका हातात हिरवी बादली, दुसऱ्या हातात निळी. दारात उभी राहून विचारते, "मावशी, ओला कुठंय? सुका कुठंय?" राष्ट्रीय सेवा योजनेत आहे. वर्षाला १२० तास समाजाचं काम करायचं, असा त्या योजनेचा नियम. तिचे तास केव्हाच भरले. फिरणं थांबलं नाही.

तिचं नाव लिहीत नाही. तिनेच नको म्हटलं आणि मला ते पटलं. नाव छापून आलं की काम त्या नावाचं होतं, आणि उरलेला बोळ मोकळा होतो.

सोलापूरच्या पूर्व भागातला हा बोळ. एका भिंतीला मराठी घर, दुसऱ्या भिंतीला तेलुगू, समोर कन्नड, कोपऱ्यावर दखनी बोलणारं. मुलगी चारी भाषांत कचरा मागते. मराठीत ओला आणि सुका. तेलुगूत तडि चेत्त, पोडि चेत्त. कन्नडमध्ये हसि कस, ओण कस. कोपऱ्यावरच्या खालाकडे गीला आणि सूका. सोलापुरात वाढलेल्या पोराला या भाषा कुणी शिकवाव्या लागत नाहीत. पण कचऱ्याचं पत्रक एकाच भाषेत येतं आणि बोळ चार भाषांत राहतो, हे ओळखून जीभ कामाला लावणं तिला सुचलं. पत्रक काढणाऱ्यांना ते सुचलं नव्हतं.

त्यातला कन्नड शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. कन्नडमध्ये कस म्हणजे कचरा. मराठीत कस म्हणजे जमिनीतली ताकद. एकाच बोळात, समोरासमोरच्या दोन दारांत, एकच अक्षरजोडी दोन टोकांना उभी. ओल्या कचऱ्याला हवा मिळाली, थोडा ओलावा मिळाला आणि कुणी त्यात प्लास्टिक टाकलं नाही, तर दोन-तीन महिन्यांत समोरच्या दारातला कस आपल्या दारातला कस होतो. मुलीला हे सांगितलं तेव्हा तिने ते लगेच उचललं. दुसऱ्या दिवसापासून ती कन्नड घरांत हेच सांगायला लागली.

आता मुद्द्यावर येतो.

पहिल्या आठवड्यात तिला चार भाषांत उत्तर मात्र एकच मिळालं. "आम्ही ठेवतो गं वेगळं, पण पुढं गाडीत सगळं एकच करतात की."

हे वाक्य मी पुण्यात ऐकलंय, नाशकात ऐकलंय, कोल्हापुरात ऐकलंय. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात कुठल्याही जिन्यात उभं राहा, कुणीतरी हेच बोलत असतं. कधी ते आळसावरचं पांघरूण असतं, हे खरं. पण पुष्कळदा ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं, आणि डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर पत्रकाचा इलाज चालत नाही.

घरं नाखूश नाहीत. ज्या घरात तांदूळ निवडतात, पालेभाजी निवडतात, शेंगदाण्यातले खडे निवडतात, त्या घराला निवडणं शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नाही. पहिल्या दिवशी कळतं. दुसऱ्या दिवशी जमतं. तिसऱ्या दिवशी निवडलेल्या दोन्ही बादल्या एकाच ढिगावर उपड्या होताना दिसल्या, की चौथ्या दिवशी दारात एकच बादली येते.

आणि तेव्हा पत कुणाची जाते? नियम लिहिणाऱ्याची जात नाही. गाडीचं कंत्राट काढणाऱ्याचीही नाही. ती जाते दारात उभ्या राहिलेल्या वीस वर्षांच्या पोरीची. "तू म्हणालीस म्हणून केलं," असं बायका तिला सुनावतात, आणि ती ऐकून घेते. विद्यार्थ्यांना घरोघर पाठवणारे आपण सगळे त्यांच्या तोंडी एक वचन देऊन त्यांना पाठवतो. ते वचन पाळणं त्यांच्या हातात नसतं. ते आपल्या, मोठ्यांच्या हातात असतं.

ओल्या-सुक्याला आपण नवी मोहीम म्हणतो. नवी कसली? अल्मित्रा पटेल यांनी शहरांच्या कचऱ्याबद्दल सर्वोच्च न्यायालयात याचिका केली ती १९९६ मध्ये. त्यातून २००० साली नागरी घनकचऱ्याचे नियम आले. मग ८ एप्रिल २०१६ ला नवे नियम आले. त्यांत घराने कचरा तीन जागी ठेवायचा होता: ओला, सुका आणि घरातला घातक, म्हणजे बॅटऱ्या, औषधं, रंगाचे डबे, फुटके बल्ब. आणि त्याच नियमांत पुढची बाजूही लिहिलेली होती. वेगळा दिलेला कचरा वेगळाच उचलायचा आणि वेगळाच न्यायचा, ही स्थानिक संस्थेची जबाबदारी. गावोगावच्या भिंतींवर पहिली बाजू रंगवली गेली. हिरवी बादली, निळी बादली, हसणारं कुटुंब. दुसऱ्या बाजूला भिंत मिळाली नाही.

मुलगी वीस वर्षांची. नियम तिच्यापेक्षा वयाने मोठा आहे. तिच्या जन्माआधी जे सुरू व्हायला हवं होतं ते ती आज परीक्षेच्या अभ्यासातून वेळ काढून करते, आणि आम्ही तिला "गुणी पोर" म्हणून आत जातो.

वेगळं का करायचं हे ती फार छान सांगते. गाईच्या पोटात प्लास्टिक गेलं की काय होतं, विचारते. हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही. मग म्हणते, बायोगॅसची टाकी म्हणजे तसंच एक पोट. सोलापूरलगत तुळजापूर रस्त्यावर कचऱ्यापासून बायोगॅस आणि त्यापासून वीज करणारा प्रकल्प २०१३ च्या सुमारास उभा राहिला. क्षमता ३ मेगावॅटची. देशात त्या काळी अशी उदाहरणं थोडी होती आणि आपलं शहर त्यात होतं, हे सोलापूरकरांनी अभिमानाने सांगावं असं आहे. पण कुठल्याही गावातल्या असल्या टाकीतले जिवाणू भाकरीचा तुकडा खातात, भाजीची देठं खातात, उष्टं वरण खातात. काच खात नाहीत, चिंधी खात नाहीत, माव्याची पुडी खात नाहीत. ते आधी काढावं लागतं. काढायला यंत्र लागतं, यंत्राला वीज लागते, आणि ज्या विजेसाठी हा सगळा खटाटोप मांडला तीच तिथे खर्ची पडते. मोरीशेजारी आईने दोन हातांनी दोन मिनिटांत जे वेगळं केलं असतं, त्यासाठी पुढे कोट्यवधींची यंत्रं बसवायची वेळ येते.

आणि हा मिसळलेला कचरा टाकीत न जाता ढिगात गेला तर? ढिगाखाली हवा नसते. तिथे ओलं कुजतं आणि मिथेन तयार होतो. वर कागद, प्लास्टिक, कापड. त्यावर सोलापूरचं एप्रिलमधलं ऊन. ठिणगी कुठून आली याची चौकशी होते, पण लाकडं आपण सगळ्यांनी रचलेली असतात. उन्हाळ्यात कचऱ्याचे डेपो पेटणं ही महाराष्ट्रात दर वर्षीची बातमी झाली आहे. त्या धुरात राहणारी माणसं डेपोजवळ राहतात, पेटवलेलं सामान मात्र सगळ्या शहराचं असतं.

आता तिचं जे मला सगळ्यांत जास्त आवडलं ते.

ओल्या-सुक्याची पत्रकं बहुतेक मोठ्या शहरांत लिहिली जातात. त्यात लिहिलेलं असतं की दुधाची पिशवी धुऊन वाळवून द्या. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, आणि ही कैक वर्षांची गोष्ट आहे. बॅरल, पिंप, हंडे, कळशा, मिळेल त्यात भरून ठेवायचं आणि पुढचं पाणी येईपर्यंत पुरवायचं. अशा घरात कुणी पिशवी धुवायला पाणी मागितलं तर त्याला दारातूनच परत पाठवतील. तिलाही पाठवलंच. मग तिने तोड काढली. तांदूळ धुतलेलं पाणी टाकायचं नाही. त्यात पिशवी बुचकळायची आणि ते पाणी तुळशीला घालायचं. तेलाच्या पिशवीला पाणी लावायचंच नाही, चिंधीने पुसून घ्यायची. पाणी नसेल, ऊन तर आहे. दोरीवर चिमट्याने अडकवली की पिशवी बघता बघता खडखडीत.

आणि पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, लोंबता ठेवायचा. तो नखाएवढा तुकडा एकदा सुटला की पुन्हा कुणाच्या हाताला लागत नाही. गटारात जातो. एवढी बारीक गोष्ट ती प्रत्येक दारात कात्री मागून करून दाखवते.

खताचंही तसंच. पुस्तक सांगतं की नत्राच्या एका भागाला कर्बाचे पंचवीस-तीस भाग हवेत. हे दारात सांगितलं असतं तर दार लागलं असतं. ती सांगते, एक थर ओला, एक थर शेंगांच्या टरफलांचा. शेंगाचटणीच्या गावात टरफलांना काय तोटा? वास आला तर टरफलं कमी पडली. सुकून गेलं तर ओलं कमी पडलं. संपलं शास्त्र. मुंबई-पुण्याच्या सूचना पावसाची भीती घालतात, पिंपात पाणी जाईल, अळ्या होतील. इथे भीती उन्हाची. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे खत कुजत नाही, वाळून बसतं. म्हणून तिने खताची पिंपं जिन्याखाली सावलीला नेली, वर ओलं पोतं टाकलं, आणि आठवड्यातून एकदा आंबट ताकाचा शिपका मारायला सांगितलं. या शहराचं ऊन आणि या शहराची चटणी धरून काम केलं, म्हणून ते टिकलं.

तिची आई विड्या वळते. मांडीवर सूप, हातात कात्री, दिवसभर. पान कापून उरलेले तुकडे रोज टोपलीभर निघतात. तेंदूचं पान शेवटी झाडाचं पान आहे, पिंपात जिरतं. तंबाखूचा चुरा मात्र वेगळ्या कागदात बांधायचा, कारण तो उघडा गेला तर उचलणाऱ्याच्या नाकातोंडात जातो. आईने हे ऐकलं आणि विड्या द्यायला गेली तिथे बरोबरच्या बायकांना सांगितलं. मुलीने आठवडाभर फिरून जेवढी घरं केली नसती तेवढी त्या एका दुपारी झाली. मागावरच्या सुताचंही असंच. सुताचा गुंता ओल्यात गेला तर पुढच्या यंत्राच्या दांड्याला गुंडाळून बसतो. सुक्यात कोरडा राहिला तर त्याला गिऱ्हाईक मिळतं. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या गावाला हे समजायला वेळ लागत नाही.

इथे एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. विद्यापीठातून कचऱ्याकडे जाणारी वाट महाराष्ट्रात याआधीही चालली गेली आहे, आणि ती कुठे पोचली ते आपल्याला माहीत हवं.

१९९० च्या सुमारास पुण्यात एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातून पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण कचरा वेचणाऱ्यांच्या वस्तीत गेल्या. मुलांना शिकवायचं म्हणून. मुलं आयांबरोबर पहाटे कचराकुंडीवर जायची, म्हणून शिकवणाऱ्याही त्यांच्या मागे कुंडीवर गेल्या. तिथे त्यांना दिसलं की या बायकांचा निम्मा दिवस घाणीतून कागद आणि पत्रा सोडवण्यात जातो. घरातच सुका वेगळा ठेवला आणि तो त्यांच्या हातात दिला तर माल स्वच्छ, भाव बरा, वेळ कमी, आणि मुलाला शाळेत पाठवायला सवड. म्हणून त्या घरोघर गेल्या. विद्यापीठाने या बायकांना ओळखपत्रं दिली. पुढे १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. त्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिने पुणे महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा उचलायला घेतला.

बघा, सुरुवात कुठून झाली. शहर सुंदर दिसावं म्हणून नव्हे, कुण्या बाईची मजुरी वाढावी म्हणून. ओला-सुका हा आधी पोटाचा प्रश्न होता. आपण त्याचा भिंतीवरच्या चित्राचा प्रश्न केला.

म्हणून आमच्या बोळातल्या मुलीला मी एकच सल्ला दिला होता. निळी बादली गाडीत टाकण्याआधी आपल्या भागात पहाटे पोतं घेऊन फिरणाऱ्या आजीला विचार. तिने विचारलं. आजीने बादली जमिनीवर ओतली आणि बसून दाखवलं की पुठ्ठा कुठला जातो, चकाकणारी वेफर्सची पुडी का कुणी घेत नाही, काळ्या पिशवीला भाव का नाही, बाटलीचं झाकण वेगळं का ठेवायचं. अर्ध्या तासात तिने जे शिकवलं ते मुलीच्या पर्यावरण विषयाच्या पुस्तकात नाही. आता आजी रविवारी बोळात येते, घरं तिच्यासाठी सुका राखून ठेवतात. तिला घरात बोलावून चहा देतात की दारातच, हे मी अजून बघतो आहे. दोन घरांनी आत बोलावलं. बाकीच्यांनी बोलवावं.

हे मुद्दाम लिहितोय. कचऱ्याला हात कुणी लावायचा हे या देशात जातीने ठरवलं होतं, आणि अजूनही ते पुरतं पुसलेलं नाही. याच सोलापुरात जानेवारी १९२५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने दलित विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडलं. सभा स्थापन होऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. पोरांच्या हातात झाडू येऊ नये, पुस्तक यावं, यासाठी ते होतं. त्याला आता शंभर वर्षं होऊन गेली. अशा शहरात एखाद्या विद्यार्थिनीने आपणहून बादली हातात घेतली तर तिचं कौतुक करताना जपून बोलावं. 'कुठलंच काम हलकं नसतं' हे वाक्य म्हणायला सोपं आहे. ज्यांना ते काम सोडायची मुभाच नव्हती त्यांच्या नातवंडांसमोर ते म्हणून बघा.

तिचं काम कचरा उचलण्याचं नाही. उचलणाऱ्या हातांना काच लागू नये, सुई टोचू नये, दुसऱ्याचं रक्त लागू नये, एवढं घरांकडून करून घेण्याचं आहे. फुटलेला ग्लास कागदात गुंडाळून वर 'काच' लिहायचं. इन्सुलिनची सुई टोपणाच्या बाटलीत बंद करायची. सॅनिटरी पॅड कागदात बांधून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे बांधलेलं कुणी उघडून बघत नाही. ही लाल ठिपक्याची युक्ती पुण्याच्या कचरावेचक बायकांच्या मोहिमेतली. पॅडबरोबर टाकायची पिशवी कंपनीने द्यावी, असं २०१६ च्या नियमांत होतं. दुकानात पुडा घेताना ती आत आहे का, हे विचारायला लागा. मुलगी हे पुरुषांसमोरही न लाजता बोलते. पहिल्या दिवशी दोन-तीन पुरुष उठून आत गेले. आता बसतात.

पुरुषांचं निघालंच आहे तर. या मोहिमेत बादली कोण विचारतं? मुलगी. कोण भरतं? तिची आई, मावशी, अक्का, खाला. कोण उचलतं? बहुतेक वेळा बाईच. आणि "सोलापूर स्वच्छ झालं पाहिजे" असं चहाच्या टपरीवर कोण म्हणतं, ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. बोळातल्या मुलांनी निदान पिंपं हलवायला यावं. ओल्या खताचं पिंप जड असतं.

मागच्या महिन्यात एका मंडळाने तिचा सत्कार ठरवला. शाल, नारळ, प्रमाणपत्र, एक मोठा फलक, त्यावर तिचा फोटो. मंडळी मनाने चांगली आहेत, त्यांना खरंच आनंद झालेला. मुलीने विचारलं, "काका, या सगळ्याला खर्च किती येतो?" त्यांनी सांगितलं. मग म्हणाली, "तेवढ्यात गाडीला मधोमध पत्र्याची आडभिंत बसते का बघता?"

कुणी रागावलं नाही. कुणी लगेच हो म्हणालं नाही. पण त्यातला एक जण वेल्डिंगचं काम करतो. तो दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गाडीपाशी उभा होता. गाडीवरच्या बाईने त्याला माप घेऊ दिलं आणि वर सांगितलं, "भिंत उंच करा, नाहीतर खड्ड्यात आदळली की ह्याचं त्यात जातं." चार वर्षं गाडीमागे उभं राहणाऱ्या बाईला हे ठाऊक होतं. तिला तोवर कुणी विचारलं नव्हतं.

वेगळं घेऊन वेगळंच नेणं लहान गावांनी करून दाखवलेलं आहे. वेंगुर्ले नगरपरिषदेत मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात, गेल्या दशकात, कचरा वीसहून अधिक प्रकारांत वेगळा व्हायला लागला आणि डेपोच्या जागी बाहेरगावची माणसं बघायला यायला लागली. वेंगुर्ले छोटं आहे, सोलापूर दहा लाखांच्या वर गेलेलं. हा फरक मान्य. पण घर ते गाडी, गाडी ते पिंप, हे अंतर वेंगुर्ल्यात आणि सोलापुरात सारखंच असतं. मोठ्या शहरात ते फक्त जास्त वेळा चालावं लागतं.

आणि सोलापुरात तर कोरी पाटी पडून आहे. कुंभारीला रे नगर उभं राहिलं. तीस हजार घरांची वसाहत, त्यातली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. घरं कुणाची? विडी कामगार, यंत्रमाग कामगार, हातमागवाले, फेरीवाले, आणि कचरावेचकही. जन्मभर दुसऱ्यांचा कचरा निवडलेल्या बाईला स्वतःच्या नावाचं स्वयंपाकघर मिळालं. तिथल्या ओल्या-सुक्याची रीत पहिल्यापासून लावायची तर शिकवायला त्याच बायका बसवा, मानधन देऊन. नव्या वसाहतीला जुनी खोड नसते. दोन-तीन वर्षं गेली की लागते. विद्यापीठ केगावला आहे, कॉलेजं शहरभर आहेत, सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरं दर वर्षी कुठल्या तरी खेड्यात जातात. एक वर्ष शिबिर आपल्याच शहरातल्या गाडीमागे लावून बघा. गाडी दारापासून शेवटपर्यंत कुठे जाते, ते पोरांना बघू द्या. वहीत लिहू द्या. ती वही आयुक्तांच्या टेबलावर ठेवू द्या.

सिद्धरामेश्वरांचं गाव आहे हे. बाराव्या शतकातल्या त्या शिवयोग्याने इथे तळं खोदवलं. दर जानेवारीत नंदीध्वज निघतात तेव्हा आपण सगळे रस्त्याच्या कडेला हात जोडून उभे असतो. ज्याची यात्रा करतो तो खांद्याला घमेलं लावणारा होता, हे यात्रेनंतरच्या सकाळी होम मैदानावरून चालत जाताना मला दर वर्षी आठवतं. पत्रावळी, कागदी कप, उसाची चिपाडं, प्लास्टिकचे चमचे, सगळं एकात एक. त्यातली चिपाडं आणि पत्रावळी वेगळ्या निघाल्या असत्या तर पुढच्या यात्रेपर्यंत त्यांचं खत झालं असतं.

आडभिंतीचं काम अजून झालेलं नाही. पत्रा आणून ठेवलाय, परवानगीचा अर्ज दिलाय. तोवर मुलीने गाडीच्या मागच्या कडेला दोन मोठी पोती बांधली आहेत, कारखान्यातून उरलेल्या टॉवेलच्या काठांचा दोर करून. सुका त्यात पडतो. पहिल्या दिवशी बायका गाडीपर्यंत चालत आल्या आणि पोत्यात डोकावून बघून गेल्या. दुसऱ्या दिवशी काही दारांत एकीच्या पुन्हा दोन बादल्या झाल्या.

सोमवारी तिची परीक्षा सुरू होते. तीन आठवडे ती येणार नाही, मीच तिला येऊ नको म्हटलं आहे. त्या तीन आठवड्यांत सकाळी सातला कोण फिरणार याची यादी जिन्याखाली पिंपाच्या वर चिकटवली आहे. सहा दिवसांना सहा नावं हवीत. काल रात्रीपर्यंत चार आली: माझं, वेल्डरचं, तिच्या आईचं आणि कोपऱ्यावरच्या खालाचं. गुरुवार आणि शनिवार रिकामे आहेत. पेन दोरीला बांधलेलं आहे.